मैनेचा आवाज आणि सीमेवरचा श्रोता

शाहिरी परंपरेतील राजकीय विद्रोहाची चर्चा आपल्याकडे बहुधा आशयापुरती मर्यादित राहते. शाहीर कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे ठरले की समीक्षा थांबते. वस्तुतः हा विद्रोह रूपबंधातही घडत असतो. आणि त्या रूपबंधाने गृहीत धरलेला श्रोता त्याची मर्यादाही ठरवीत असतो. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचा विचार अक्कलकोटच्या बाजूने केला, म्हणजे या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात.

अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णा भाऊ यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. या मंडळींनी तमाशाचा साचा मोडला नाही, आतून बदलला. शृंगारिक लावणीत विरहाचे बोल बहुधा स्त्रीच्या तोंडी असतात आणि पुरुष मोहिमेवर गेलेला असतो. ‘माझी मैना’त बोलतो तो पोटासाठी मुंबईस आलेला मजूर. ताटातुटीचे कारण आता दारिद्र्य आहे. पुढे हाच विरह खंडित महाराष्ट्राचा होतो. बेळगाव, कारवार यांची नावे येतात आणि परळ, लालबाग, फाउंटन ही रणभूमी ठरते. खाजगी दुःखाला सामूहिक मागणीचे रूप देण्याचे हे सामर्थ्य असाधारण होय.

परंतु हे गीत अक्कलकोटला कसे ऐकू येत असेल? भोसल्यांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. तालुक्यातील अनेक घरांची भाषा कानडी आहे. १९६७ च्या महाजन आयोगाने हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोटवरील दावा पुन्हा उच्चारला. म्हणजे त्याच रूपकाच्या आधारे पलीकडचा शाहीर अक्कलकोटला आपली मैना म्हणू शकतो. बेळगावच्या बाबतीत जे रूपक आपल्याला न्याय्य वाटते, तेच येथे आपल्यावर उलटते.

याचे मूळ निवेदनाच्या रचनेत आहे. मैनेचे वर्णन होते. निवेदन तिचे नसते. जुन्या लावणीतील स्त्रीचा ‘मी’ पुरुषानेच रचलेला असला, तरी तो ‘मी’ होता. नव्या राजकीय गीतात बोलण्याचा अधिकार मजुराला मिळाला आणि मैना विषय होऊन राहिली. भूमीचेही तसेच झाले: तिच्यावर प्रेम करणारे पुष्कळ, तिची संमती विचारणारे थोडे.

याचा अर्थ अण्णा भाऊंना संकुचित ठरवावे, असा नव्हे. त्यांच्यासमोर मुंबई तोडू पाहणारे भांडवल आणि सत्ता होती. १९५५ च्या नोव्हेंबरात फाउंटनला गोळीबार झाला होता. भाषिक राज्याची मागणी ही कष्टकऱ्यांचीही मागणी होती. मात्र ऐतिहासिक अपरिहार्यता म्हणजे रूपकाची निर्दोषता नव्हे.

या कोंडीतून सुटण्याची वाट परंपरेतच आहे. सोलापूरच्या राम जोशींनी मराठीखेरीज कानडीतही रचना केली. कलगी-तुऱ्याचे फड सीमेच्या दोन्ही अंगांना आणि दोन्ही भाषांत रंगत आले. सवाल-जवाबाचा नियम साधा आहे: प्रतिपक्षाला पाळी द्यावीच लागते. ‘माझी मैना’ हा असाच एक जिवंत सवाल मानला, तर तिचे मोल घटत नाही. जवाब मात्र मैनेनेच द्यावयाचा आहे. आणि तो कानडीतून आला, तरी ऐकून घेण्याइतका आपला फड मोठा असला पाहिजे.