रीटाला पेपर का द्यायचा होता?

‘एज्युकेटिंग रीटा’ (१९८३) हा शिक्षणाबद्दलचा सिनेमा मानला जातो. मला तो फिल्टरबद्दलचा वाटतो. नोकरीच्या पोर्टलवर ‘पदवी’चा रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही, तो फिल्टर.

रीटा २६ वर्षांची हेअरड्रेसर. नवऱ्याला मूल हवंय, हिला आधी स्वतःला शोधायचंय. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत ती साहित्याला प्रवेश घेते आणि फ्रँक नावाच्या दारुड्या प्राध्यापकाच्या खोलीत येऊन धडकते. इब्सेनचं ‘पीअर गिंट’ रंगमंचावर आणताना येणाऱ्या अडचणी कशा सोडवाल, असा निबंध असतो. ती एका ओळीत निकाल लावते: रेडिओवर करा.

फ्रँकला ही रीटा आवडते. तिने असंच राहावं, परीक्षेसाठी गुळगुळीत होऊ नये, असं त्याला मनापासून वाटतं. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाही वाटतं. दुसऱ्यांदा पाहताना मला त्याचा राग आला. परीक्षेला तुच्छ मानणं त्याला परवडतं, कारण त्याची कधीच देऊन झालीय. आमच्या क्षेत्रात हे सतत ऐकू येतं, ‘डिग्री म्हणजे नुसता कागद रे, स्किल बघतात.’ बोलणाऱ्याचा स्वतःचा कागद घरी फाइलमध्ये नीट लावलेला असतो. वायडी लागून कॉलेज सुटलेला आणि आता तिशीत, ऑफिस सांभाळून, राहिलेले विषय काढायला बसलेला माणूस हे वाक्य कधी बोलत नाही.

मूळ नाटक आणि पटकथा दोन्ही विली रसेलची. तो स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून हेअरड्रेसर झाला होता आणि नंतर शिकायला परतला. त्यामुळे खरी किंमत पेपरात नाही, घरात मोजावी लागते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. नवरा पुस्तकं जाळतो तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्याहून जड गेला तो पबमधला. फ्रँककडच्या पार्टीच्या दारातून रीटा आत न जाताच परतलीय. पबमध्ये घरची माणसं एका सुरात गातायत, आणि हिला त्यांच्यातही मिसळता येत नाही. शेजारी आईचे डोळे भरलेले. ज्युली वॉल्टर्स इथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच पुरतं.

१९८०च्या नाटकात एकच खोली आणि दोनच पात्रं होती. पब आणि पार्टी फक्त बोलण्यातून कळायची. सिनेमा ते दाखवतो, हे त्याचं बळ. पण घर दाखवायला निघालाच होता, तर नवऱ्याला मोजकेच प्रसंग आणि फ्रँकच्या उसाशांना एवढा वेळ का?

शेवटी परीक्षेत पुन्हा ‘पीअर गिंट’वरच प्रश्न येतो. एका ओळीचं उत्तर तिला आठवतंय. ती ते लिहीत नाही, व्यवस्थित पूर्ण उत्तर लिहिते. फ्रँकच्या नजरेतून पाहिलं तर ही हार. पण पहिल्या वेळी तिच्याकडे एकच उत्तर होतं. आता दोन होती, आणि कुठलं लिहायचं ते तिने ठरवलं. ती पासही होते.