लोअर परळची खाणावळ : स्थलांतरितांचा आहार आणि मराठी पाकग्रंथांच्या मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या खाद्यसंस्कृतीचे विवेचन करताना 'मेल्टिंग पॉट' ही संकल्पना वारंवार वापरली जाते. इटालियन, चिनी, मेक्सिकन अशा स्थलांतरितांच्या आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या पाकपरंपरा एकजीव होऊन अमेरिकन आहार घडला, असा तिचा आशय आहे. मुंबईबाबतही वडापावाचा दाखला देऊन असाच निष्कर्ष काढला जातो. गिरणगावाच्या, विशेषतः लोअर परळच्या संदर्भात हा निष्कर्ष कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खाणावळीचे स्वरूप :
गिरण्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, तसेच सातारा, सांगली, कोल्हापूर या घाटावरील भागांतून पुरुष आले. कुटुंबे बहुधा गावीच राहिली. त्यांच्या जेवणाची व्यवस्था चाळीतील खाणावळवाल्या स्त्रियांनी केली. एकाच खोलीत संसार सांभाळून पाळ्यांच्या वेळेनुसार डबे भरावे लागत. कोकणी खाणावळीत भात, सुकट, कुळथाची पिठी, तर घाटी खाणावळीत भाकरी, झुणका, खर्डा असे. जेवणारे 'मेंबर' बहुधा एकाच गावचे वा जातीचे असत. म्हणजे खाणावळीने परंपरा एकजीव केल्या नाहीत. शहरात त्या शेजारीशेजारी जिवंत ठेवल्या. लालबागच्या मसाला बाजारातही हेच दिसते. मिरच्यांची दुकाने तीच, परंतु मालवणी मसाला वेगळा आणि घाटी कांदा-लसूण मसाला वेगळा.

या वेगळेपणाचा केवळ गौरव करून चालणार नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. उष्ट्याच्या विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नाकारला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला होता. जेथे यंत्रावरही उष्टे-खरकटे पाळले गेले, तेथे पंगत सहज एक झाली असे मानणे इतिहासाला धरून नाही. सरमिसळ झाली ती रस्त्यावर. वडापावातील बटाटा व मिरची मूळ अमेरिका खंडातील, तर पाव पोर्तुगीज-गोवन परंपरेतून आलेला. हा पदार्थ उभ्याने खाल्ला जातो. कोणाच्या चुलीवर, कोणाच्या पंगतीत, हा प्रश्न तेथे मागे पडतो.

पाकग्रंथांची दृष्टी :
मराठी पाकग्रंथांत या अनुभवाला स्थान मिळालेले नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' (1910) हे मुंबईच्या जुन्या रहिवासी पाठारे प्रभू समाजाचे समृद्ध स्वयंपाकघर उभे करते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याची मापे देऊन नवशिक्या गृहिणीला आत्मविश्वास दिला. दोन्हींचे महत्त्व वादातीत आहे. तथापि, दोन्हींनी गृहीत धरलेली वाचक कुटुंबासाठी रांधणारी गृहिणी आहे. पोटासाठी परक्यांचे जेवण रांधणारी स्त्री त्या चौकटीत बसत नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या ग्रंथाने जात आणि अन्न यांचा संबंध परखडपणे मांडून ही चौकट मोडली. परंतु त्याचे क्षेत्र मराठवाड्यातील दलितांचा आहार हे आहे. शहरी खाणावळ तेथेही विषय होत नाही.

खाणावळवालीचा प्रश्न पाककृतीइतकाच पतपुरवठ्याचाही होता. महिनाभर उधारीवर किराणा आणायचा, जबर व्याज सोसायचे आणि मेंबरांच्या पगाराची वाट पाहायची, असे हे चक्र होते. ते तोडण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार थांबले, अनेक मेंबर गावी परतले आणि खाणावळींचा आधार खचला. आज फिनिक्स व कमला मिलच्या आवारांत देशोदेशीचे पदार्थ मिळतात. त्याच परिसरातील खाणावळीची मात्र तेथे खूण नाही.

निष्कर्ष :
लोअर परळची खाद्यसंस्कृती एकजीव झालेली नसून गाव, जात, पाळी आणि उधारी यांनी घडलेली आहे. पदार्थांच्या उगमापुरताच विचार केल्यास रांधणाऱ्या स्त्रीचे श्रम आणि पंगतीबाहेर ठेवलेला कामगार, दोघेही अदृश्य राहतात. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी 2004 च्या इंग्रजी ग्रंथात गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास नोंदवला. तीच पद्धत खाणावळवाल्या स्त्रियांच्या पाककृतींना आणि हिशेबांना लावणे आवश्यक आहे. ती पिढी आता वृद्ध झाली असल्याने हे काम महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विनाविलंब हाती घ्यायला हवे.