मोफत पुस्तक आणि मुक्त पुस्तक

दोन वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षिकेचा दूरध्वनी आला. "सर, तुमच्या प्रयोगपुस्तिकेत सल्फ्युरिक आम्ल सौम्य करायची कृती उलटी छापली आहे. आम्लात पाणी ओता, असं म्हटलंय." ती पुस्तिका आम्ही चार-पाच जणांनी विद्यार्थिदशेत, २००३ साली लिहिली होती. छापील प्रती केव्हाच संपल्या. पण कोणीतरी पाने स्कॅन करून त्यांची पीडीएफ केली आणि ती शिक्षकांच्या फोनवरून फिरत राहिली. चूक आमचीच होती आणि साधीसुधी नव्हती. संहत आम्लात पाणी ओतले, की निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते पाणी उकळते आणि आम्ल अंगावर उडते, हे आपल्याला सांगायला नकोच.

दुरुस्ती करावी म्हणून मूळ फाइल शोधून काढली. उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! त्या काळच्या बहुतेक मराठी फॉंटांत संगणकाच्या लेखी मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांचे संकेतांक साठवायचे आणि त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवायचे, अशी ती युक्ती होती. तो फॉंट आता आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. पुस्तिका सर्वांना मोफत मिळत होती, पण एक ओळ बदलण्याची सोय आम्हा लेखकांनाही उरली नव्हती.

तेव्हापासून मी संगणकावरच्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यांपैकी दोन पुस्तकांविषयी येथे लिहितो. दोन्ही उच्च गणिताची आहेत, पण त्यांतील गणित आपण बाजूला ठेवू. ती कशी बांधली आहेत एवढेच पाहू.

पहिले आहे 'होमोटॉपी टाइप थिअरी'. अमेरिकेत प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये २०१२-१३ या वर्षी या विषयाचे अभ्यासक जमले होते. आयोजकांपैकी एक होते व्लादिमिर व्होएव्होद्स्की. स्वतःच्याच प्रसिद्ध झालेल्या कामात काही वर्षांनी चुका आढळल्यामुळे, गणितातील सिद्धता संगणकाकडून तपासून घेता याव्यात याचा त्यांना ध्यास लागला होता. जमलेल्यांपैकी दोन डझन गणितज्ञांनी सुमारे सहाशे पानांचे पुस्तक सहा महिन्यांच्या आत लिहिले आणि २०१३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशक शोधला नाही. ज्याला छापील प्रत हवी त्याला मागणीनुसार छापून मिळते. पडद्यावरची प्रत कोणालाही मोफत.

पण मोफत असणे ही त्यातली लहान गोष्ट. पुस्तकाची मूळ संहिताही त्यांनी खुली ठेवली. परवान्याची अट एवढीच: बदल करा, वाटा, मात्र श्रेय द्या आणि तुमची आवृत्तीही याच अटीवर खुली ठेवा. ही संहिता लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेत आहे. तिचा पाया म्हणजे डोनाल्ड नूथ यांची टेक ही आज्ञावली. १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची कच्ची मुद्रिते पाहून नूथ इतके खट्टू झाले, की अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहायला बसले. तिच्यात चूक दाखवणाऱ्याला त्यांनी २.५६ डॉलरचा धनादेश देऊ केला. (२५६ म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले १००!) संहितेतील बदलांची नोंद ठेवायला गिट ही आज्ञावली आहे. लायनस टॉरव्हल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे ती सांगू शकते. चुकांची यादीही उघड ठेवलेली आहे. दोन डझन हात लागूनही पुस्तकाची भाषा एकजीव वाटते, याचे श्रेय मात्र साधनांना नाही, ते लेखकांच्या शिस्तीला आहे.

दुसरे पुस्तक 'स्टॅक्स प्रोजेक्ट'. कोलंबिया विद्यापीठातील योहान द याँग यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेला बैजिक भूमितीचा हा ग्रंथ सात हजार पानांच्या पुढे गेला आहे आणि अजून वाढतो आहे. वाढत्या पुस्तकाची एक अडचण असते. आज जे 'प्रमेय ४.२' आहे ते मध्ये एक प्रमेय घातले की ४.३ होते आणि जुने सगळे संदर्भ चुकतात. यावर त्यांनी शोधलेला उपाय मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. प्रत्येक व्याख्येला, प्रमेयाला चार अक्षरांची एक खूण कायमची दिलेली आहे. प्रमेय कोठेही हलवा, खूण बदलत नाही. खुणेत दहा अंक आणि इंग्रजीची पंचवीस अक्षरे येतात. शून्याशी घोटाळा नको म्हणून 'ओ' वगळला आहे. अशा खुणा किती होतील हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा: ३५ चा चौथा घात, म्हणजे पंधरा लाखांहून थोड्या अधिक. पुष्कळ वर्षे पुरतील.

आता दोष. 'स्टॅक्स'मध्ये कोणतेही प्रमेय कोणत्या प्रमेयांवर उभे आहे हे क्षणात कळते. पण शिकणाऱ्याने सुरुवात कोठून करावी, हे समजत नाही. ते उत्तम कोठार आहे. हाताला धरून नेणारे पुस्तक ते नाही. 'होमोटॉपी'ची रचना शिकणाऱ्यासाठी अधिक चांगली आहे, पण ते पानाच्या चौकटीत अडकले आहे. पडद्यासाठी निराळी आणि छपाईसाठी निराळी प्रत आहे खरी, पण सगळ्या पीडीएफच. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचे चित्र. फोनवर वाचताना प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली तर सूत्रापाशी येऊन अडखळते. लाटेकची घडणच छापील पानासाठी झाली, त्याचा हा परिणाम. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संग्रहाने डिसेंबर २०२३ पासून नव्या निबंधांच्या वेबपानासारख्या प्रती देणे सुरू केले, ते मुख्यतः अशाच वाचकांसाठी. साधने बनवणारे लेखकाचा जितका विचार करतात तितका वाचकाचा करत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

ही साधने मराठीला चालतात का? चालतात. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे संकेतांक आहेत. २००४ साली जोनाथन क्यू यांनी झीटेक तयार केले, तेव्हापासून टेकमध्ये देवनागरी थेट लिहिता येते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू हे फॉंट मुक्त परवान्याने मिळतात. तरी बारकावे सांभाळावे लागतात. 'वाऱ्या'तला अर्धा र नीट उमटतो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे संहितेत 'भाषा मराठी' असे सांगितले आहे की नाही आणि फॉंटात ती सोय आहे की नाही, यावर अवलंबून असते.

आपल्याकडची एखादी मराठी पीडीएफ घ्या आणि तिच्यात 'विज्ञान' हा शब्द शोधून पाहा. डोळ्यांसमोर असलेला शब्द पुष्कळदा सापडत नाही. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या दिसतात त्या क्रमाने साठवल्या जातात, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण युनिकोडमध्ये येते व्यंजनानंतर. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ही मोठीच सोय आहे. मात्र मूळ संहिता मिळाली, तर ग्रामीण शाळेतला शिक्षक एखाद्या प्रकरणात आपल्या गावचे उदाहरण घालू शकेल, दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ब्रेल प्रत तयार करणे सोपे जाईल. 'मोफत'च्या पुढची ही पायरी आपण मागितलेलीच नाही.

आमची पुस्तिका आम्ही पुन्हा टंकलिखित करतो आहोत. लाटेक सर्वांना जमेना, म्हणून साध्या मजकुरात लिहितो. जॉन मॅकफार्लेन यांची पॅनडॉक ही २००६ पासूनची आज्ञावली त्याच मजकुरातून छपाईसाठी पीडीएफ आणि फोनसाठी ईपब अशा दोन्ही प्रती काढून देते. ईपबमधील ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतात. प्रत्येक प्रयोगाला 'स्टॅक्स'सारखी कायमची खूण दिली आहे. आम्लाच्या प्रयोगापासूनच सुरुवात केली आणि त्या शिक्षिकेला तो आधी तपासायला पाठवला. त्यांनी आणखी दोन चुका काढल्या. आकृत्या मात्र सगळ्या नव्याने काढाव्या लागत आहेत. स्कॅनमधल्या रेघा फारच पुसट आहेत.