फायबर आधी बंगल्यांकडे जातं का? आणि हे सिद्ध कसं करायचं?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात विचारलं, "ताई, इंटरनेट कंपन्या फायबर आधी श्रीमंत कॉलन्यांतच टाकतात. यावर काम करू का?" मी म्हटलं, कर. पण 'टाकतात' हे तुझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तो जरा नाराज झाला. म्हणून हे सविस्तर लिहिते.

या प्रश्नावर मी वाचलेलं सगळ्यात नेटकं काम पत्रकारांचं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेसाठी लिऑन यिन आणि अ‍ॅरन सँकिन यांनी एटी अँड टी, व्हेरायझन, अर्थलिंक आणि सेंच्युरीलिंक या चार कंपन्यांच्या ऑफर्स तपासल्या. ३८ शहरं, ८ लाखांहून जास्त ऑफर्स. निष्कर्ष असा की एकाच किमतीत काही वस्त्यांना २०० एमबीपीएस किंवा जास्त वेग मिळत होता आणि काहींना २५ पेक्षाही कमी. दहापैकी नऊ शहरांत वाईट ऑफर मिळालेल्या वस्त्यांचं उत्पन्न कमी होतं.

आता त्यांनी मोजलं काय ते बघा. ग्राहकाला "तुमच्याकडे इंटरनेट आहे का?" असं विचारलं नाही. या पत्त्यावर कंपनी काय देऊ करते, ते कंपनीच्याच वेबसाइटवरून घेतलं. हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे सगळे जण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीचे (२०१७-१८) आकडे देतात: इंटरनेटची सोय शहरात ४२ टक्के घरांत, ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के. आकडे बरोबर आहेत, पण ते मागणी आणि पुरवठा यांची मिसळ आहेत. घरात इंटरनेट नाही ते परवडत नाही म्हणून, की दारापर्यंत तार आलीच नाही म्हणून? या आकड्यांवरून ते कळत नाही.

मार्कअपवर माझा एक आक्षेप आहे. दाट वस्ती, स्पर्धक कंपन्या, इंटरनेट घेणाऱ्या घरांचं प्रमाण अशी धंद्याची कारणं हिशेबात धरून त्यांनी आकडे पुन्हा तपासले. पद्धत आणि कोड जाहीर केला, हे उत्तमच. पण तिसरा घटक गडबडीचा आहे. चांगली लाइनच नसेल तर लोक कनेक्शन घेणार कसे? म्हणजे जो परिणाम असू शकतो त्यालाच आपण कारण म्हणून समीकरणात बसवतो आणि मग खरा भेदभाव आकड्यांत कमी दिसण्याची शक्यता असते. तुमच्या मॉडेलमध्ये असं एखादं चल घुसलंय का, ते गाइडने विचारायच्या आधी स्वतः तपासा.

अर्थात कंपनीची बाजूही समजून घ्या. समजा, एका रस्त्यावर ५० घरं आहेत आणि तिथे केबल टाकायचा खर्च ठरलेला आहे. २० घरांनी कनेक्शन घेतलं तर दर कनेक्शनमागे जो खर्च पडेल, त्याच्या चौपट तो पाच घरांनी घेतल्यावर पडतो. मग "गरिबांना टाळा" असं कोणीही म्हणायची गरजच राहत नाही, एक्सेल शीट ते काम करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने (एफसीसी) नियम केले, त्यात हेतूबरोबर परिणामही धरला, तो याचमुळे.

हीच पद्धत उचलून साताऱ्यात आणली तर? पहिल्याच पायरीवर अडकाल. आपला पत्ता म्हणजे "मारुती मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ". वेबसाइटवर मी आमच्या गावाचा पिनकोड टाकून बघितला. 'सेवा उपलब्ध' असं आलं. दोन दिवसांनी फोन आला, "मॅडम, तुमच्या वाडीत नाही, फाट्यापर्यंतच आहे." एका पिनकोडमध्ये बाजारपेठही येते आणि डोंगरावरची वाडीही. एवढ्या आधारावर कोणाची बाजू घेणार?

सरकारी आकडेवारीतून तर हे दिसतच नाही. ट्रायचे दरमहाचे आकडे परवाना क्षेत्रानुसार असतात: मुंबई वेगळी, आणि 'महाराष्ट्र' म्हणजे गोव्यासकट उरलेलं सगळं. सांगलीतलं विश्रामबाग आणि कुपवाड, किंवा मिरज आणि जत, यांची तुलना त्यातून करता येत नाही. शहरी-ग्रामीण हा खणही फसवा. साताऱ्याला लागून असलेली शाहूपुरी २०२० च्या हद्दवाढीपर्यंत ग्रामपंचायत होती. कागदावर खेडं, प्रत्यक्षात उपनगर. हद्द बदलली की एक खांबही न रोवता तुमचा 'शहरी' आकडा बदलतो.

शिवाय आपल्याकडे शेवटच्या गल्लीत बऱ्याचदा स्थानिक केबलवालाच लाइन टाकतो. कोणत्या गल्लीत बिल वेळेवर येतं, हे त्याला पाठ असतं. म्हणजे निर्णय नेमका कोणाचा? कंपनीचा, की त्याचा? प्रश्नावलीत 'कंपनी' असा एकच शब्द घातला तर हे निसटेल.

मग करायचं काय? मी त्या ज्युनिअरला जोड्या शोधायला सांगितलं. "डोंगर आहे, परवडत नाही" हे उत्तर कायम मिळतं. ते तपासायला महाबळेश्वर आणि कोयनेच्या जलाशयाकाठची तापोळ्याकडची गावं बघ. डोंगर दोन्हीकडे, पण एकीकडे हॉटेलं आहेत. डोंगर हेच कारण असेल तर दोन्हीकडे साधारण सारखी अडचण दिसायला हवी. (महाबळेश्वरची वस्ती जास्त दाट आहे, त्यामुळे ही जोडीही निर्दोष नाही. ते प्रबंधात लिहायचं, लपवायचं नाही.) शहरात मुख्य केबलपासून सारख्या अंतरावरच्या, साधारण सारख्याच दाट, पण उत्पन्नात वेगळ्या दोन गल्ल्या घे. खांबावरचा फायबरचा डबा कुठे आहे आणि तो कधी बसला, ते पायी फिरून टिपून ठेव. डबा आज दोन्हीकडे असेल, पण एकीकडे चार वर्षं आधी बसलेला असू शकतो.

तारीख मिळवणं हेच अवघड काम आहे. डब्यावर ती नसते, लोकांना "लॉकडाउनच्या आधी की नंतर" एवढंच आठवतं. मी त्याला पहिल्या महिन्याच्या बिलाची पावती मागायला सांगितलंय. परवा तो गोडोलीत फिरून आला, अकरा घरांतून दोन पावत्या मिळाल्या.