हास्य, जुगुप्सा आणि बघता : एका बालचित्रपटाच्या निमित्ताने

विनोदाची मीमांसा करताना आपली दृष्टी बहुधा विनोदकारावर खिळलेली असते. हसणाऱ्याकडे आपण क्वचितच पाहतो. काही काळ साताऱ्यास वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी ‘सुभाषित आणि विनोद’ लिहून मराठीत या विषयाच्या शास्त्रीय विवेचनाचा पाया घातला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तथापि देहधर्मावर आधारलेला जो विनोद, त्याची बोळवण आपली समीक्षा आजही ‘ग्राम्य’ या एका शब्दाने करते. या शब्दाने प्रश्न सुटतो की केवळ दृष्टीआड होतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

निमित्त घडले ते ‘शिनचॅन’चे. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये पाच वर्षांच्या एका उपद्व्यापी मुलाची चित्रकथा सुरू केली. १९९२ पासून तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. ही चित्रकथा मुळात प्रौढांच्या साप्ताहिकात येत असे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी. भारतात ती २००६ पासून हिंदी संवादांसह दिसू लागली. पालकांच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये केंद्र शासनाने तिचे प्रक्षेपण थांबविले आणि पुढील वर्षी काटछाट होऊन ती परत आली. २०२५ मध्ये या मालिकेतील चित्रपट आपल्याकडील चित्रपटगृहांत झळकले. त्यांपैकी एकाचा एक खेळ मी सांगलीस व दुसरा साताऱ्यास पाहिला. ‘पाहिला’ म्हणण्यापेक्षा ‘ऐकला’ म्हणणे अधिक यथार्थ होईल. कारण दोन्ही वेळा माझे लक्ष पडद्यापेक्षा प्रेक्षागाराकडे होते.

चित्रपट म्हणून त्याच्याविषयी फार लिहावे असे काही नाही. कथानक विस्कळीत आहे आणि विनोदाची पुनरुक्ती कंटाळा आणणारी आहे. मुलांना मात्र पुनरुक्तीचाच आनंद होता. नायक पाठमोरा होऊन आपले सुप्रसिद्ध नृत्य करू लागला, की ते काय होणार हे ठाऊक असल्यामुळेच ती आधीपासून हसू लागत. सांगलीच्या खेळात अशाच एका क्षणी पुढच्या रांगेतील एका मुलाने ‘ढुंगण!’ असा खणखणीत उच्चार केला. त्या क्षणी पडद्यावर केवळ कृती होती, शब्द नव्हता. आणि चित्रपटाची भाषा हिंदी होती. तोवर अवघडून बसलेले आईबाप त्या एका मराठी शब्दासरशी खदखदून हसले. मुले हसली ती चित्राला. मोठी माणसे हसली ती शब्दाला. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद मोलाचा वाटावा.

तो स्पष्ट करण्यासाठी दंडीकडे जाणे सोयीचे आहे. थुंकणे, ढेकर देणे, ओकणे या अर्थांचे शब्द गौण वृत्तीने योजले तर ते अतिसुंदर होतात, एरवी ते ग्राम्यतेच्या कक्षेत शिरतात, असे ‘काव्यादर्शा’त त्याने म्हटले आहे. आपणही ‘सूर्य आग ओकतो’ असे निःशंकपणे लिहितो. अर्थात दोष शब्दाच्या अंगी चिकटलेला नसून त्याच्या प्रयोगात असतो. मम्मटाने तर अश्लीलतेचे तीन प्रकार मानले : व्रीडा, म्हणजे लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा, म्हणजे किळस उत्पन्न करणारे, आणि अमंगलाची सूचना देणारे. आपल्या आजच्या बोलण्यात ‘अश्लील’ म्हणजे केवळ पहिला प्रकार, असा अर्थसंकोच झाला आहे. परिणामी दुसऱ्या प्रकारावरील आक्षेपही पहिल्याच्या नावाने घेतला जातो, आणि पालकांच्या तक्रारींत नेमका हाच घोटाळा झालेला दिसतो.

‘शिनचॅन’मध्ये हे दोन्ही प्रकार आहेत. हा पाच वर्षांचा मुलगा तरुण स्त्रियांकडे पाहून लाळघोटेपणा करतो तेव्हा तो विनोद पहिल्या प्रकारचा असतो. त्यामागचे डोळे मुलाचे नसून प्रौढ वाचकाचे आहेत. त्यावर पालकांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. विशेष हे, की दोन्ही खेळांत या स्थळांना लहान मुले फारशी हसली नाहीत. हसले ते किशोरवयीन मुलगे. लहानांचे हसू जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या प्रकाराचे होते. त्यांचा विषय शृंगार नव्हता, शौच होता.

आणि शौच हा त्यांच्या दृष्टीने शिळा विषय नव्हे. मराठी मुलाला शिकविल्या जाणाऱ्या पहिल्या काही शब्दांत ‘शू’ आणि ‘शी’ हे असतातच. यांतील ‘शी’ हा शब्द मोठा बोलका आहे. तो मलाचे नाव आहे आणि किळसेचा उद्गारही आहे. दोहोंची व्युत्पत्ती एकच आहे, असा दावा मी येथे करीत नाही. पण मुलाच्या कानावर ती दोन्ही एकाच तोंडून, एकाच प्रसंगी येतात. वस्तूचे नाव आणि तिच्याविषयीचा निषेध अशा रीतीने एकाच अक्षरात त्याला मिळतो. पुढे शाळेत ‘एकीला’ जाण्याची परवानगी मागताना संख्येच्या आड लपावयाचे, ही युक्ती तो शिकतो. घरी ‘परसाकडे’, ‘बाहेर’, ‘ओढ्याला’ हे शब्द ऐकताना स्थळाच्या आड लपणेही त्याला कळते. एवढा खटाटोप करून जे झाकावयास शिकविले, ते पडद्यावर उघडे पडते तेव्हा त्याला हसू येते. नियम नुकताच पाठ झालेल्यालाच नियमभंगाचे एवढे कौतुक असते. सांगलीच्या खेळात एक आई ‘शी!’ म्हणाली आणि तिच्या मांडीवरची मुलगी अधिकच हसली, याचे मर्म हेच असावे.

भरताने हास्याचे सहा प्रकार सांगून ते प्रकृतींनुसार वाटून दिले : स्मित व हसित उत्तमांना, विहसित व उपहसित मध्यमांना, अपहसित व अतिहसित अधमांना. प्रेक्षागारातील अंधारात ही वाटणी टिकली नाही. माझ्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते. दिवे लागताच ते गंभीर झाले आणि नातवास म्हणाले, ‘‘काय हा वाह्यातपणा!’’ त्यांचे हे दोन्ही प्रतिसाद खरे होते असे मी मानतो.

या प्रदेशाला असे हास्य नवे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हाच्या नाट्यप्रयोगात पौराणिक देवतांच्या बरोबरीने विदूषकाचा धुडगूस होता. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या बंधूंनी तमाशाच्या वगांतून पिढ्यान्‌पिढ्या हसविल्या. त्यांच्या कनातीत आईबापांच्या शेजारी बसून मुलेही हसत. मुलांची स्वतःची परंपरा तर याहून धीट आहे. घोळक्यात कोणी वारा सोडला हे ठरविण्यासाठी गोलाकार बसून, एकेकाला बोट लावीत म्हणावयाचे मोजणीचे गाणे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी म्हटले असेल. त्या गाण्याची रचना अर्थपूर्ण आहे. बोट कोणावर थांबेल हे कोणालाच ठाऊक नसते. मोजणारा स्वतःही त्या रिंगणात असतो. आरोप फिरता असतो, म्हणून तो बोचत नाही. देह सर्वांनाच आहे, एवढेच ते गाणे सांगते. या हास्याला मी ‘रिंगणाचे हास्य’ म्हणेन.

साताऱ्याच्या खेळात मला याहून निराळे हास्य ऐकू आले. मध्यंतराच्या बरेच आधी सात-आठ वर्षांचा एक मुलगा रांगेतून वाट काढीत घाईघाईने बाहेर निघाला. पडद्यावर त्याच जातीचा विनोद चालला होता. पाठीमागून कोणी तरी पडद्यावरील प्रसंग त्याला लावून ओरडले आणि तीन-चार रांगा हसल्या. मुलगा क्षणभर थबकला, मग बाहेर गेला. मध्यंतर संपले तरी त्याची खुर्ची रिकामीच होती. त्याची आई त्याला आणावयास गेली ती एकटीच परतली आणि पिशवी उचलून निघून गेली. शब्द तेच होते, हसणारेही तेच होते. फरक एवढाच, की बोट आता फिरत नव्हते.

हे दुसरे हास्य प्रेक्षागारापुरते मर्यादित नाही. सांगली जिल्ह्यातील अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. या काळात ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द शासकीय परिपत्रकांत आणि गावांच्या वेशींवरील फलकांवर आला. घरात ज्याचा उच्चार वर्ज्य, तो शब्द शासनाने प्रतिष्ठित केला, ही मराठीच्या सामाजिक इतिहासातील लक्षणीय घटना होय. आडपडद्याच्या शब्दाने जे साधले नसते ते या रोखठोक शब्दाने साधले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच मोहिमेच्या ओघात पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ही आली. त्यांचे साधन लाज हे होते, आणि पकडलेला माणूस हा गावाच्या हसण्याचा विषय होत असे. ज्याच्या घरी जागा वा पाणी नव्हते त्याच्यावरच बोट थांबले.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) या हास्याचे अखेरचे टोक दिसते. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतील डुकरासाठीचा शब्द. शाळेच्या परिसरात जब्याचे कुटुंब डुकरे धरीत असते आणि वर्गमित्र, गावकरी भिंतीशी जमून हसत असतात. घाणीची किळस येथे घाणीपाशी थांबत नाही. ती जातीच्या वाटेने माणसाला चिकटते. मोजणीच्या गाण्यातील रिंगणाच्या जागी आता भिंत आहे : अलीकडे बघणारे, पलीकडे ज्यांच्याकडे बघावयाचे ते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षागाराच्या दिशेने येतो, तेव्हा आतापर्यंत आपण कोणाबरोबर हसत होतो, हा प्रश्न बघणाऱ्याला टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, एका पोरकट चित्रपटाच्या परीक्षणात ‘फँड्री’ला ओढून आणणे हे गाडीपुढे डोंगर उभा करण्यासारखे आहे. आक्षेप चुकीचा नाही. दोहोंच्या योग्यतेची तुलना मला अभिप्रेतही नाही. परंतु हास्याचे द्रव्य दोन्हीकडे एकच आहे, आणि त्या द्रव्यावरून निकाल देणारी समीक्षा दोहोंतील भेद सांगू शकत नाही. ‘ग्राम्य’ हा शब्द मोजणीच्या गाण्यालाही लागतो, साताऱ्यातील आरोळीलाही लागतो. मग एक निर्मळ का आणि दुसरी क्रूर का, याचे उत्तर तो कसे देणार? ते उत्तर शब्दात नसून हसणाऱ्याच्या जागेत आहे. तो रिंगणात आहे की भिंतीवर, एवढे पाहिले की पुरे.

आपल्याकडे एक म्हण पाठभेदांनी ऐकू येते : हागत्याला लाज नसली तरी बघत्याला असावी. सभ्य लेखनात ती सहसा छापली जात नाही. पण प्रेक्षकाच्या जबाबदारीचे याहून नेमके सूत्र मला आढळलेले नाही. देहधर्म करणाऱ्याला तो करणे भाग असते. बघणे मात्र ऐच्छिक असते. तेव्हा मुलांना अशा चित्रपटास नेऊ नये असे मी म्हणणार नाही. त्यांना खुशाल न्यावे, त्यांच्याबरोबर हसावे. आणि रांगेतून उठून कोणी बाहेर जात असेल तर त्या वेळी हसू नये, एवढे मात्र त्यांना शिकवावे.