स्क्रू-ड्रायव्हरचा अर्धा धडा

साध्या यंत्रांच्या धड्यात स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे आपला डिसमिस, 'चाक आणि आस' याचे उदाहरण म्हणून येतो. मूठ जाड, पाते बारीक, म्हणून बळ वाढते, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. हे खरे, पण अर्धेच. वाढलेले बळ सोसते कोण, हे कोणी विचारत नाही. मग शाळेतल्या डिसमिसचे टोक पिळवटले की बोलणी मुलाला बसतात.

थोडे गणित करू. मुठीवर ३ न्यूटन-मीटर आघूर्ण लावले आणि पाते ६ मिलिमीटर रुंद असेल, तर पात्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्रत्येकी सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे ५० किलो वजनाइतके बळ येते. दांड्याचे गणित तर अधिकच बोलके आहे. पीळ तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर ताण दुप्पट नव्हे, आठपट होतो. कारण तो व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ६ मिलिमीटरच्या दांड्यात सुमारे ७० मेगापास्कल ताण असेल, तर ३ मिलिमीटरच्या दांड्यात तो ५६० च्या वर जातो. साधे मऊ पोलाद तेथे टिकत नाही. म्हणूनच बारीक डिसमिसची मूठही बारीक असते: हाताला जास्त पीळ देताच येऊ नये. ही कंजुषी नव्हे, संरक्षण आहे, आणि दांड्याला पक्कड लावणारा तेच काढून टाकतो. (काही जाड डिसमिसना मुठीजवळ पान्ह्यासाठी मुद्दाम षटकोनी भाग दिलेला असतो, ती गोष्ट वेगळी.)

लांब डिसमिसने जोर वाढतो, हाही समज मुलांच्या वहीत जातो. डिसमिस सरळ धरला असेल तर आघूर्ण मुठीच्या त्रिज्येवर ठरते, दांड्याच्या लांबीवर नाही. लांब दांडा फक्त जास्त पिळतो.

धातूचा तर धड्यात उल्लेखच नसतो. पोलाद लालभडक तापवून विझवले की कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून चिवट करतात. यालाच पाणी देणे म्हणतात. टोक पिळवटले असेल तर पोलाद मऊ राहिले. टवका उडाला असेल तर फार कडक झाले. बोथट टोक ग्राइंडरवर निळे पडेपर्यंत घासले, की तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेले असते आणि साध्या कार्बन पोलादाचे पाणी उतरू लागते. शिवाय घासताना टोक पाचरीसारखे झाले, तर ते खाचेच्या तळाशी न बसता वरच्या कडेवर टेकते, आणि पीळ देताच बाहेर घसरते.