स्पेलिंग तेच, मग उच्चार का बदलतो?

इथे आल्यावर पहिल्याच सेमिनारमध्ये मी ‘फोटोग्राफी’ म्हणालो, ‘फो’वर दणकून जोर देऊन. समोरच्यांना कळायला क्षणभर लागला. ते म्हणतात ‘फटॉग्रफी’, जोर ‘टॉ’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये मात्र जोर ‘फो’वरच, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. शाळेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

या गोंधळामागचे नियम शोधणारं गाजलेलं पुस्तक म्हणजे नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांचं ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ (१९६८). त्यांच्या मते काही प्रत्यय शब्दात मुरतात. ‘-इटी’ लागला की ‘सेन’चं ‘सॅनिटी’ होतं, ‘डिव्हाइन’चं ‘डिव्हिनिटी’. काही प्रत्यय नुसते बाहेरून चिकटतात. ‘काइंड’ला ‘-नेस’ लावा, ‘काइंड’ जसाच्या तसा राहतो. ही विभागणी आजही उपयोगी आहे.

पण याच पुस्तकातला एक दावा मला खटकतो: इंग्रजी स्पेलिंग ही जवळजवळ आदर्श व्यवस्था आहे. कारण काय, तर उच्चार बदलला तरी मूळ शब्दाचा चेहरा कागदावर तोच राहतो. बदल वाचणाऱ्याच्या डोक्यातले नियम करतात.

आदर्श, पण कुणासाठी? ज्याच्या डोक्यात ते नियम आधीच आहेत, त्याच्यासाठी. आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजी आधी वाचलं, कानावर नंतर पडलं. मराठीतही अनेक शब्दांत प्रत्यय लागला की स्वर आखूड होतो, पण आपण तो तसा लिहितो: फूल–फुलाला, पीठ–पिठात. लिहिलेलं वाचलं की झालं. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीकडे जातो आणि फसतो.

शिवाय नियम सगळीकडे लागू पडत नाहीत. ‘ओबीस’चं बहुतेक लोक ‘ओबीसिटी’च करतात, ‘सॅनिटी’च्या चालीने ‘ओबेसिटी’ नाही. म्हणजे शब्द कानाने ऐकूनही शिकावे लागतात.

तरी पुस्तकातून एक युक्ती घेण्यासारखी आहे: लांब शब्द दिसला की आधी त्याची शेपटी बघा. ‘-इटी’ असेल तर जोर तिच्या लगेच आधीच्या अक्षरावर. ‘-इक’ असेल तरी बहुधा तिथेच. मी आता तेच करतो. आणि चुकलो तर शरमत नाही. चूक कानाची नव्हती. मी कागदावर विश्वास ठेवला होता, इतकंच.